खडकवासल्याची भिंत, तिचा सांडवा आणि आपला आयर्विन पूल

पावसाळ्यात सांगलीकराला दोन आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात, आयर्विन पुलापाशी कृष्णेची लेव्हल किती आणि कोयना धरणातनं सोडलंय किती. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे पाढ्यासारखं पाठ असतं. आणि तरीसुद्धा दरवर्षी कुणीतरी ग्रुपवर टाकतंच की "खडकवासल्यातनं पाणी सोडलं, सांगलीकरांनो सावध", आणि मग गावभागातली एखादी आत्या पुण्याच्या पोराला फोन लावून विचारते की बाबा आमचं सामान माडीवर टाकू का.

तर आधी हे क्लिअर करून टाकू. खडकवासल्याचं पाणी सांगलीला येत नाही, येऊच शकत नाही. ते मुठा नदीवरचं धरण. मुठा पुण्यात संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेत जाते, भीमा उजनीला अडते, मग पंढरपूर, मग कर्नाटक, आणि तिकडे लांब रायचूरच्या बाजूला कुठेतरी ती आपल्या कृष्णेला भेटते. तोपर्यंत कृष्णा सांगली सोडून कितीतरी पुढे गेलेली असते. आपल्याला घोर लागतो तो कोयना, धोम, कण्हेर, वारणा यांच्या पाण्याचा.

मग खडकवासल्यावर एवढं लिहायचं कशाला? एक म्हणजे सातारा-सांगलीची निम्मी पोरं आता सिंहगड रोडला नाहीतर धायरीला राहतात आणि रविवारी त्याच धरणाच्या कडेला कणीस खातात. दुसरं म्हणजे धरण या प्रकरणात जे जे काय समजून घ्यायला लागतं, भिंत उभी कशी राहते, गेट कशाला, सांडवा कशाला, भरायचं किती आणि रिकामं ठेवायचं किती, ते सगळं या एका जुन्या धरणाच्या गोष्टीत सापडतं. माझं मत विचाराल तर धरणाची खरी हुशारी पाणी सोडण्यात असते, अडवायला काय, मोठी भिंत घातली की अडतंय. खडकवासल्याचा दीडशे वर्षांचा हिशेब त्याच बाजूने मांडतो, पटतंय का बघा.

पुण्याला आधी पाणी कात्रजवरून यायचं. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांत पाणी आणलं होतं, आणि त्या काळच्या पुण्याला ते पुरत होतं. इंग्रज आल्यावर पुणे आणि खडकी, दोन कॅन्टोन्मेंट आली, त्यांना पाणी पाहिजे. आणि पुण्याच्या पूर्वेला हवेली-दौंडकडे गेलं की पाऊस एकदम तुटतो, तिथे शेतीला पाणी पाहिजे. नदी घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो धो वाहणार आणि खाली मार्चमध्ये वाळू दिसणार, हे आपल्याकडच्या सगळ्याच नद्यांचं रडगाणं. त्यावर १८६० च्या दशकात कर्नल फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनियरने मुठेवर मोठी दगडी भिंत घालायचा प्लॅन मांडला. काम १८६९ च्या आसपास सुरू झालं आणि १८७९-८० पर्यंत चाललं. तलावाला नाव पडलं लेक फाइफ. गावकऱ्यांनी ते नाव कधी मनावर घेतलं नाही, खडकवासला ते खडकवासलाच राहिलं.

त्याच जमान्यात आपल्याकडे कराडजवळ खोडशीचा बंधारा आणि कृष्णा कालवा झाला, ज्याच्यावर वाळवा-पलूस-तासगावकडचे पट्टे भिजले. पण बंधारा आणि धरण यात फरक आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. बंधारा नदीची लेव्हल फक्त थोडी उचलतो, म्हणजे पाणी बाजूच्या कालव्यात ढळतं. साठा जवळजवळ नाही. नदी आटली की कालवा आटला. धरण पावसाळ्याचं पाणी साठवून उन्हाळ्यात देतं. खोडशीच्या कालव्याला उन्हाळ्यात भरोशाचं पाणी मिळायला कोयना व्हायला लागली, आणि पुण्याकडे ते काम खडकवासल्याने ऐंशी वर्षं आधीच सुरू केलं होतं. दख्खनमध्ये एवढ्या मोठ्या दगडी धरणाचा हा पहिलाच प्रयोग म्हटला तरी चालेल.

आता भिंतीचं बघू. लांबी जवळजवळ मैलभर, उंची पाया धरून ३३ मीटरच्या आसपास. ओबडधोबड दगड आणि चुना. सिमेंट नव्हतंच तेव्हा, घाण्यात मळलेला चुना आणि पाथरवटांनी फोडलेला काळा दगड, बस. असली भिंत पाण्याला अडवते कशाच्या जोरावर? स्वतःच्या वजनाच्या. पाणी तिला ढकलतं, ती नुसती जड होऊन बसून राहते. इंजिनियर लोक याला ग्रॅव्हिटी डॅम म्हणतात, आणि कोयना पण याच जातीची आहे.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना पटत नाही. भिंतीवरचं प्रेशर मागे पाणी किती किलोमीटर पसरलंय यावर अजिबात अवलंबून नसतं. फक्त खोलीवर असतं. मागे २० किलोमीटर लांब तलाव असो नाहीतर २० फुटांचा हौद असो, खोली तेवढीच असेल तर भिंतीला दोन्ही सारखेच. आकड्यात सांगायचं तर दर मीटर खोलीला चौरस मीटरवर एक टन. ३० मीटर खोल पाण्यात तळाशी चौरस मीटरला ३० टन. वर शून्य, खाली ३०, सरासरी १५, म्हणजे भिंतीचा फक्त एक मीटर रुंदीचा तुकडा घेतला तरी त्याच्यावर १५ गुणिले ३०, साडेचारशे टन रेटा. एका मीटरला साडेचारशे टन! आणि अशी मैलभर भिंत.

अजून बेकार भाग पुढे आहे. खोली दुप्पट केली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि भिंतीला पायथ्यावरून उलथून टाकायची जी ताकद असते ती तर आठपट होते, कारण रेटा पण वाढला आणि तो लागतोय ती जागा पण पायापासून वर सरकली. म्हणून धरणाच्या भिंतीचा काप बघितला तर तो त्रिकोणी दिसतो, वर बारीक आणि खाली जाडजूड, तळाची रुंदी उंचीच्या पाऊण पटीच्या आसपास. पाण्याची लेव्हल एक-दोन फूट वाढली तरी इंजिनियरला घाम का फुटतो ते याच्यात आहे, आपल्याला ते एक-दोन फूट दिसतात आणि त्याला त्याचा वर्ग आणि घन दिसतो.

पण हे गणित फाइफसाहेब काम करत होते तेव्हा नीट बसलेलं नव्हतं. फ्रान्समध्ये त्याच्यावर काम झालं होतं, पण इंग्रजीत त्याची मांडणी करणारा रँकिन या स्कॉटिश इंजिनियरचा रिपोर्ट आला १८७२ ला, आणि गंमत म्हणजे तो मागवला होता मुंबई म्युनिसिपालिटीच्या इंजिनियरने, मुंबईच्या पाण्यासाठी. म्हणजे खडकवासल्याची भिंत अर्धी वर आली होती आणि तिचं थिअरीचं पुस्तक मागून येत होतं. परिणाम काय, नव्या हिशेबाने बघितल्यावर भिंतीचा काप जरा बारीक पडतोय असं दिसलं, आणि मग खालच्या बाजूने साधारण ३० फूट उंच मातीचा भराव भिंतीला टेकवून टाकला. त्या भरावाबद्दल कुणी कुठे बोलत नाही, पण मला ती या धरणाच्या इतिहासातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. शंका आली, टेकू दिला.

असाच टेकू पुढे आपल्या कोयनेलाही द्यावा लागला. ११ डिसेंबर १९६७ चा पहाटेचा भूकंप पाटण, कराड भागातल्या वयस्कर माणसांना अजून आठवतो. त्यात कोयनेच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या. भिंतीच्या खालच्या बाजूच्या, म्हणजे पाणी नसलेल्या बाजूच्या उताराचा कोन जिथे एकदम बदलतो बरोबर त्याच उंचीच्या आसपास, कारण हलताना सगळा ताण त्या मोडीवर येऊन बसला. धरण टिकलं, भेगा भरल्या आणि उंच भागांना खालून जाड काँक्रीटचे टेकू बांधले. आजही खालून बघितलं तर ते दिसतात.

असो, परत खडकवासल्याला येऊ, कारण आता मजेचा भाग आहे. धरण बांधलं, भरलं, कालवे सुटले. पण दरवर्षी पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं. सांडवा म्हणजे भिंतीचा मुद्दाम बुटका ठेवलेला भाग, जास्तीचं पाणी तिथून निघून जावं, मुख्य भिंतीच्या डोक्यावरून जाऊ नये म्हणून. मोठ्या पुरात त्या सांडव्याच्या माथ्यावर सहा-आठ फूट पाणी चढायचं आणि मग पाऊस संपला की लेव्हल उतरून सांडव्याच्या काठावर यायची. ते वरचं सहा-आठ फूट पाणी गेलं ते गेलंच.

तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात एक इंजिनियर होते, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. होय तेच, ज्यांच्या जन्मदिवशी १५ सप्टेंबरला इंजिनियर्स डे असतो. पुण्यातच शिकलेले. त्यांनी विचार केला असा की पुरात भिंत ती आठ फूट जादा लेव्हल तशीही सोसतेच आहे, मग पूर ओसरल्यावर तेवढं पाणी धरून का ठेवू नये? सांडव्यावर नुसती पक्की भिंत वाढवली असती तर साठा वाढला असता, पण पुढचा पूर आल्यावर पाणी त्याच्याही वर आठ फूट चढलं असतं आणि मग मुख्य भिंतीचा हिशेब बिघडला असता. म्हणून दरवाजे. बंद असताना पाणी धरणार आणि पूर आला की वाट देणार.

पण दरवाजे उघडणार कोण? रात्री दोन वाजता धुवाधार पावसात, फोन नाही, वीज नाही, आणि उघडायला उशीर झाला तर धरण जातंय. विश्वेश्वरय्यांनी असे दरवाजे काढले की ते पाण्याने स्वतःच उघडावेत. प्रत्येक दरवाजाच्या संचाला समतोल साधणारं एक मोठं वजन जोडलेलं, आणि ते वजन एका कुंडात लटकवलेलं. तलाव ठरलेल्या लेव्हलच्या वर गेला की पाणी त्या कुंडात शिरतं, वजन पाण्यात बुडतं आणि हलकं होतं. विहिरीतनं बादली ओढताना ती पाण्यात आहे तोवर हाताला काही लागत नाही आणि पाण्याबाहेर आली की खांद्याला झटका बसतो, तेच तत्त्व. वजन हलकं झालं की तोल जातो आणि दरवाजा उघडतो. लेव्हल उतरली, कुंड रिकामं झालं, वजन परत जड, दरवाजा बंद. ना माणूस, ना मोटर.

१९०३ ला हे दरवाजे खडकवासल्यावर बसले. साठा साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढला. आठ फुटांत पंचवीस टक्के कसा, असं वाटेल, पण दरी खाली अरुंद आणि वर रुंद असते, त्यामुळे तलावात वरच्या काही फुटांतच भरपूर पाणी मावतं. नेमकं याच कारणामुळे बातमीत धरण "८० टक्के भरलं" असं येतं तेव्हा लेव्हल बघितली तर जवळजवळ काठोकाठ दिसते. पुढे हीच पद्धत ग्वाल्हेरजवळ तिगरा धरणाला आणि म्हैसूरकडे कृष्णराजसागरला वापरली. पेटंट त्यांच्या नावावर होतं.

मध्ये एक कौतुकाची गोष्ट. या धरणामुळे त्याच्या काठावर बरंच काय काय उभं राहिलं. एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, तिथेच, १९४९ ला नेहरूंनी पायाभरणी केली आणि १९५५ पासून कॅडेट तिथे यायला लागले. आणि केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, म्हणजे सीडब्ल्यूपीआरएस, ज्याची सुरुवात १९१६ ला छोट्या स्वरूपात झाली होती, ते पण खडकवासल्यालाच आहे. तिथे नद्यांची, धरणांची, बंदरांची मैदानाएवढी मॉडेलं बांधून त्यात खरंच पाणी सोडून बघतात. धरणाच्या पायथ्याला पाणी उताराने आयतं मिळतंय, यापेक्षा बरी जागा कुठली असणार.

आणि आता १२ जुलै १९६१.

पुणं वाढलं होतं, खडकवासल्याचं पाणी पुरेना, म्हणून वरच्या बाजूला आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधायला घेतलं होतं. मातीचं धरण म्हणजे कच्चं असा अर्थ नाही, नीट दाबून बांधलेलं मातीचं धरण पिढ्यान्पिढ्या टिकतं. पण त्याची एक अट असते आणि त्या अटीला माफी नाही. पाणी त्याच्या डोक्यावरून जाता कामा नये. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती काही तास तरी दम धरते, मातीवरून गेलं की ते पाणी माती कापत जातं, एक चर पडतो, चराचा ओढा होतो, ओढ्याची नदी होते आणि मग काही हातात राहत नाही.

पानशेतचं काम पूर्ण व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडायची जी मोरी असते तिचं काम अपुरं, तिच्या कमानीला सळईचं काँक्रीट न वापरता साधे बिनसळईचे ठोकळे घातलेले, आणि दरवाजाची यंत्रणा पण अर्धवट. पाऊस जोरात लागला. आत येणारं पाणी, ज्याला खात्यातले लोक येवा म्हणतात, तो बाहेर जाणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. मोरीतून पाणी वेगाने जायला लागल्यावर ती हादरायला लागली, तिच्यावरचा भराव खचायला लागला, आणि भराव खचला म्हणजे धरणाचा माथा तिथे खाली बसला. एकीकडे पाणी वर चढतंय आणि दुसरीकडे भिंतच खाली उतरतेय. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्या पोत्यांनी धरण वाचलं नाही पण फुटणं रात्रीवरून सकाळवर ढकललं गेलं, आणि तेवढ्याने किती जीव वाचले असतील त्याचा विचार करा, कारण दिवसाढवळ्या माणूस पळू तरी शकतो.

सकाळी पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात. आज पानशेतची क्षमता साडेदहा टीएमसीच्या वर धरतात आणि खडकवासल्याची दोनच्या आत, तर एवढ्याशा वाटीत तेवढा हंडा ओतल्यावर काय होणार. विश्वेश्वरय्यांचे दरवाजे काय, सांडवा काय, हे सगळं नदीच्या पुरासाठी काढलेलं होतं, वरचं आख्खं धरण अंगावर यायच्या हिशेबाने कुणीच काढलेलं नव्हतं. पाणी मुख्य भिंतीच्या डोक्यावरून वाहायला लागलं. वर सांगितलेला वर्ग आणि घन आठवा, आणि त्यात वरून कोसळणारं पाणी पायथा खणत असतं ते वेगळं. ऐंशी वर्षांची चुन्याची भिंत तरीही काही तास उभी राहिली. दुपारी तीही फुटली.

पुण्यात नदीकाठच्या पेठा, नारायण, शनिवार, डेक्कनचा भाग, सगळं पाण्यात गेलं. लकडी पुलावरून पाणी. जुने वाडे मातीचे आणि लाकडाचे, ते पाण्यात उभे राहिले नाहीत, बसलेच. माणसं किती गेली याचे आकडे आजपण एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून मी देत नाही. आणि पूर ओसरल्यावर दुसरं संकट असं की शहराला पाणी पुरवणारं धरणच राहिलं नव्हतं. पुराने वेढलेल्या शहराला प्यायला पाणी नाही, लोकांनी जुन्या वाड्यांतल्या आडांवर दिवस काढले. २००५ ला आणि २०१९ ला सांगलीत ज्यांनी पुराच्या पाण्यात बसून पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट बघितली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पानशेतच्या प्रकरणात मला सगळ्यात लागतं ते हे की अडवायची बाजू जवळजवळ तयार होती. राहिली होती ती सोडायची बाजू. मोरी, दरवाजा, दरवाजा उचलायची यंत्रणा. भिंत दिसते, तिचे फोटो निघतात, तिचं उद्घाटन होतं. मोरी पाण्याखाली असते, तिचा फोटो कोण काढणार.

खडकवासला पुढे दुरुस्त करून परत उभं केलं, आता तिथे मोठे रेडियल गेट आहेत, म्हणजे गोलाकार पाठीचे दरवाजे जे यंत्राने वर उचलतात. पानशेत परत बांधलं, नंतर वरसगाव झालं, मग टेमघर. चारही मिळून साधारण २९ टीएमसी, आणि त्यात खडकवासल्याचा वाटा दोनसुद्धा नाही. टेमघरला तर भिंतीतून एवढी गळती लागली की २०१६ नंतर ते रिकामं करून भिंतीत सिमेंटचं ग्राउटिंग, म्हणजे आतल्या फटींत सिमेंट दाबून भरायचं काम, करायला लागलं. थोडं पाझरणं प्रत्येक दगडी धरणात असतंच, त्यासाठी भिंतीच्या पोटात बोगद्यासारखी गॅलरी ठेवतात आणि पाझरलेलं पाणी मोजतात. पाझर कायम तेवढाच आहे तर ठीक, तो वाढायला लागला की काळजी.

टीएमसी आणि क्युसेक हे दोन शब्द आले की बरेच जण मान हलवून पुढे जातात, ते इथेच फोडून टाकू. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साठा मोजायचं माप, एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, वाहतं पाणी मोजायचं माप, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या थोडं वर. दोन्हीला जोडणारा आकडा लक्षात ठेवा, ११,५७४. एवढे क्युसेक पाणी २४ तास वाहिलं की एक टीएमसी होतं. झालं, आता तुम्ही स्वतःच हिशेब करू शकता. खडकवासल्यात २० हजार क्युसेक येवा असेल तर रिकामं धरण दीड दिवसाच्या आत फुल्ल. म्हणजे वरची धरणं भरली की खडकवासला नुसता पाणी पास करायचा नाका उरतो, जेवढं वरून येईल तेवढं खाली. म्हणून पुण्यात नदीपात्रातला बुटका भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पुण्याची मंडळी "अजून धरण भरलं नाही तरी सोडतात कशाला" म्हणून ओरडतात.

तोच हिशेब कोयनेला लावा. कोयना १०५ टीएमसीची. तिथे एक लाख क्युसेक येवा असेल तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी जमा होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला धरणात १५ टीएमसीची जागा शिल्लक असेल तर ती दोन दिवसांची सोय आहे, त्याच्यापुढे जेवढं येईल तेवढं सोडावंच लागणार, मग खाली आयर्विनला ४५ असो नाहीतर ५०. आणि जागा जास्त ठेवायची म्हटलं की पाऊस दगा देऊन धरण अपुरं राहायची भीती, मग वीज कमी, टेंभू-ताकारीच्या उपसा सिंचन योजनांना पाणी कमी, आटपाडी-कवठेमहांकाळची माणसं विचारणार आमचं काय. दरवाजा उघडणाऱ्या अधिकाऱ्याच्या एका बाजूला सांगलीचा पूर बसलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला माणदेशाचा दुष्काळ. २०१९ ला आयर्विनची लेव्हल ५७ फुटांवर गेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या, आणि वेळेत आधी सोडायला पाहिजे होतं हे माझं मत आजही आहे. पण कोयना नसती तर पूर आला नसता असं जे म्हणतात ते चूक आहे. रिकामी जागा आहे तोवर धरण पूर खातं, जागा संपली की ते फक्त येईल ते पुढे ढकलतं.

राहिला शेतीचा मुद्दा, आणि तिथेच या धरणाचं आजचं भांडण आहे. खडकवासल्याचा उजवा कालवा पुणे शहराच्या पोटातून हडपसरकडे आणि पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. बांधला तेव्हा शहर छोटं गिऱ्हाईक आणि शेती मोठं. आपल्याकडे फलटण, खंडाळ्याला नीरा उजव्या कालव्याने ऊस पिकवला तसा त्या भागाला मुठेच्या कालव्याने पिकवला. आता शहराने ताटच ओढून घेतलंय. पुण्याला जेवढं पाणी मंजूर त्यापेक्षा जास्त उचललं जातं अशी जलसंपदा खात्याची तक्रार, लोकसंख्या वाढली त्याला आम्ही काय करू हे महापालिकेचं उत्तर, आणि या दोघांच्या मध्ये दौंडचा शेतकरी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटतंय म्हणून पाटकऱ्याला फोन लावत बसलेला. वापरलेलं पाणी शुद्ध करून शेतीला द्यायचं असंही ठरलेलं आहे, पण नदीकाठी उभं राहून श्वास घेतला की ते किती शुद्ध होतंय ते कळतं.

कालवा पण म्हातारा झालाय. २७ सप्टेंबर २०१८ ला भर दिवसा, पाऊस नसताना, दांडेकर पुलाजवळ कालव्याची कड फुटली आणि जनता वसाहतीच्या बाजूच्या घरांत पाणी घुसलं. म्हणून आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत जमिनीखालून बोगदा काढायची योजना आहे, म्हणजे शहरातली गळती, चोरी आणि बाष्पीभवन वाचेल आणि तेवढं पाणी खालच्या शेतीला जाईल. हिशेब बरोबर आहे, व्हायलाच पाहिजे. फक्त तो बोगदा झाल्यावर जुना कालवा कोरडा पडणार आणि शहराच्या मधोमध कित्येक किलोमीटरची सरकारी पट्टी मोकळी होणार, आणि पुण्यात मोकळी पट्टी दिसली की तिच्यावर कुणाकुणाचे डोळे जातात हे सिंहगड रोडला फ्लॅट घेतलेल्या आपल्या पोरांना विचारा, ती सांगतील.